वरचा मजला चढवला आणि मेन पडायला लागला: बोर्ड बदलण्याआधी काय तपासायचं

घरावर मजला चढवला की पहिल्या थंडीत ही तक्रार हमखास येते: "सकाळी साडेसहा-सातला मेन पडतो. रोज नाही पडत, पण पाहुणे आले की पडतोच." वायरमन येतो, ३२ अँपिअरचा एमसीबी (जादा भार आला की आपोआप पडणारा खटका) काढून ४० चा बसवतो. काही दिवस बरे जातात. पुढच्या खेपेला ६३ चा बसतो, आणि मग मेन पडायचा थांबतो. घरातले म्हणतात, चला, मिटलं एकदाचं.

मिटलेलं काहीच नसतं. एमसीबी ओरडून सांगत होता ते आता कोणी सांगत नाही, एवढाच फरक. ही तक्रार कशी वाचायची आणि वरच्या मजल्याची वीज मुळातच कशी आखायची, ते इथे लिहितोय. नमुन्याला घर असं धरा: नव्वदच्या दशकात बांधलेलं, खाली हॉल, स्वयंपाकघर, दोन खोल्या. सिंगल फेज मीटर. मीटरपासून बोर्डापर्यंत ४ एमएमची (म्हणजे ४ चौरस मिलिमीटर छेदाची) तांब्याची वायर. मध्यंतरी किटकॅट फ्यूज काढून एमसीबीचा बोर्ड लावलेला. वर आता दोन बेडरूम, दोन एसी, एक बाथरूम, आणि "पुढेमागे लागेल" म्हणून छोटा ओटा. अशी घरं साताऱ्यात, सांगलीत, नाशकात प्रत्येक गल्लीत सापडतील.

पडतं ते नेमकं काय?

"लाइट गेली" या दोन शब्दांत चार वेगळे आजार असतात. म्हणून बोर्डाचं झाकण न उघडता एवढं बघा. पडलेला खटका कुठला आहे? एखाद्या खोलीचा सुटा एमसीबी, मेन एमसीबी, की टेस्टचं छोटं बटण असलेली रुंद आरसीसीबी (विजेची गळती झाली की तोडणारा खटका)? बोर्डावर सगळे खटके वरच आहेत आणि तरी अंधार असेल तर मीटरजवळचा कटआउट (तिथला फ्यूज) किंवा पोलावरचं जंपर (जोडतार) बघावं लागेल. ते काम महावितरणच्या लाइनमनचं, तुमचं नाही. १९१२ ला फोन करा.

दुसरं बघायचं म्हणजे किती वेळाने पडतं. बटण दाबताक्षणी ताडकन पडलं तर कुठेतरी शॉर्ट आहे. दहा मिनिटं ते अर्धा तास चालून मग पडलं आणि लगेच परत वर केलं तर बसत नाही, थोडं थांबून केलं तर बसतं, असं असेल तर ओव्हरलोड. एमसीबीच्या आतली द्विधातूची पट्टी तापून वाकते, ती थंड होईपर्यंत खटका टिकत नाही. आणि विशेष काही चालू नसताना, रात्री दोनला किंवा पहिल्या पावसाच्या सरीला आरसीसीबी पडली, तर तिथे लोडचा काही संबंध नाही. तिथे गळती आहे, नाहीतर न्यूट्रलचा (प्रवाह परत नेणाऱ्या तारेचा) घोळ.

एका कागदावर आठवडाभर तारीख, वेळ, काय पडलं आणि तेव्हा काय काय चालू होतं एवढं लिहून ठेवा. वायरमनच्या हातात तो कागद दिलात तर त्याचे दोन तास वाचतील.

थंडीत पडतो, मे महिन्यात नाही

लोकांना वाटतं दोन एसी घेतले म्हणून मेन पडतो. हिशेब केला तर बहुतेक वेळा गुन्हेगार गीझर निघतो. सकाळचं चित्र मांडून बघू. खालचा साठवणीचा गीझर २ किलोवॉट, म्हणजे २३० व्होल्टला ८.७ अँपिअर. वरच्या बाथरूमचा इन्स्टंट गीझर ३ किलोवॉट, १३ अँपिअर. डब्यासाठी इंडक्शन पूर्ण आचेवर, ८.७. टाकीत पाणी चढवणारी एक एचपीची मोटर, साधारण ६. इस्त्री ४.३. फ्रिज, पंखे, दिवे, टीव्ही मिळून ३. बेरीज ४४ अँपिअरच्या जवळ जाते. दीड टनाचा एक एसी सात-आठ अँपिअर घेतो. दोन्ही एसी, रात्रीचा इंडक्शन आणि बाकी किरकोळ धरूनही उन्हाळ्यातली रात्र तिशीत आटोपते.

आता ३२ च्या एमसीबीला ४४ अँपिअर दिले तर तो लगेच पडायला हवा, बरोबर? नाही. घरगुती एमसीबीच्या प्रमाणात असं ठरलेलं आहे की नोंदलेल्या आकड्याच्या १.१३ पट प्रवाहाला त्याने तासभर पडू नये, आणि १.४५ पटीला तासाभराच्या आत पडलंच पाहिजे. ३२ साठी हे आकडे ३६ आणि ४६ येतात. तुमचे ४४ बरोबर या दोहोंच्या मध्ये. म्हणून चौघांच्या आंघोळी होऊन गीझरचा थर्मोस्टॅट तोडतो तोवर एमसीबी निभावून नेतो. सहा-सात जणांच्या आंघोळी लागल्या की पट्टी पुरती तापते आणि पडतो. "पाहुणे आले की पडतो" याचं कारण एवढंच आहे, नशिबाचा त्यात भाग नाही.

आणखी एक बारकावा: हे आकडे ३० अंश तापमानाला धरलेले असतात. अकोल्या-नागपूरकडे पश्चिमेच्या भिंतीवर, उन्हात तापणाऱ्या पत्र्याच्या पेटीत बसवलेला एमसीबी मे महिन्यात त्याहून कमी प्रवाहालाही पडतो. पेटीत खटके एकमेकांना चिकटून दाटीवाटीने बसवले असतील तर आणखीच. तिथे एमसीबी "खराब" म्हणून बदलतात, नवाही तसाच वागतो, मग कंपनीला शिव्या.

६३ चा एमसीबी का बसवायचा नाही

एमसीबी वायरला वाचवण्यासाठी असतो. पाइपातून भिंतीत गेलेली ४ एमएमची तांब्याची वायर पंचवीस-तीस अँपिअर आरामात नेते. तिच्यापुढे ६३ चा एमसीबी लावला तर १.१३ पटीच्या हिशेबाने ७१ अँपिअर तासभर वाहिले तरी तो ढिम्म हलणार नाही.

मीटर फाटकाजवळ आणि बोर्ड घरात, मध्ये २० मीटर अंतर असं धरा. ४ एमएमच्या तारेचा जाऊन-येऊन रोध ०.१८ ओमच्या आसपास. ४० अँपिअरला सात व्होल्टहून जास्त वाटेतच खर्ची पडतात आणि जवळजवळ ३०० वॉट उष्णता त्या पाइपात कोंडून राहते. साध्या पीव्हीसीचं आवरण ७० अंशांपर्यंतच धड राहतं. ते रोज सकाळी थोडं थोडं कडक होतं, तडकतं, आणि एके दिवशी पावसाळ्यात भिंत ओली झाली की शॉर्ट होतो. तोवर मेन कधीही पडलेला नसतो. याच अंतराला १० एमएम टाकली असती तर व्होल्टचा खर्च तीनवर आला असता.

कोणी तुम्हाला "जरा मोठा टाकून बघू" म्हणालं तर एकच प्रश्न विचारा: मागची वायर किती एमएमची आहे? उत्तर मीटरपासून बोर्डापर्यंतच्या तारेबद्दल हवं, बोर्डातून दिसणाऱ्या दोन फुटांच्या तुकड्याबद्दल नाही. बोर्डात १० एमएमचा तुकडा आणि पाइपात ४ एमएम, मध्ये टेप मारलेला सांधा, हा प्रकार बराच दिसतो.

आरसीसीबीचं दुखणं: जिना आणि इन्व्हर्टर

मजला चढवल्यानंतरच्या तक्रारींत सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट ही आहे, म्हणून जरा सावकाश.

आधी एक गैरसमज. आरसीसीबीवर ४० अँपिअर लिहिलेलं असतं म्हणून ती ४० ला पडते असं अनेक वायरमनही मानतात. तो आकडा ती किती प्रवाह सोसते याचा आहे. ओव्हरलोडशी तिला देणंघेणं नाही, म्हणून तिच्याबरोबर एमसीबी लागतोच. ती बघते एवढंच की फेजमधून जितका प्रवाह गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला का. हिशेबात ३० मिलीअँपिअरची तूट आली की पडते, आणि प्रमाणानुसार १५ पासून ३० पर्यंत कुठेही पडू शकते.

वरच्या मजल्याला नवा बोर्ड आणि त्यात नवी आरसीसीबी बसवली, खाली जुनी होतीच. दोन दिवसांनी फोन: "जिन्यातला दिवा लावला की वरची आरसीसीबी पडते." दिवा केवढा? ९ वॉटचा एलईडी. एवढ्याशा दिव्याने कशी पडेल म्हणून दिवा बदलतात, होल्डर बदलतात, शेवटी आरसीसीबीही बदलतात.

जिन्याच्या दिव्याला खाली एक आणि वर एक असे दोन टू-वे स्विच असतात. काम करणाऱ्याने वरच्या स्विचला फेज वरच्या बोर्डातून दिला आणि दिव्याचं न्यूट्रल, जवळ पडलं म्हणून, खालच्या खोलीतून घेतलं. प्रवाह वरच्या आरसीसीबीतून बाहेर पडतो आणि खालच्या न्यूट्रलने परत जातो. वरचीच्या लेखी ती सगळी गळती. ९ भागिले २३० म्हणजे ३९ मिलीअँपिअर. पडणारच. गंमत म्हणजे तिथे अर्ध्या वॉटचा झिरोचा दिवा लावला तर दोन मिलीअँपिअरच होतात आणि काही पडत नाही, म्हणून "मोठा दिवा लावायचा नाही" असा घरगुती नियम पडतो. उपाय एकच: जिन्याच्या दिव्याचा फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच बोर्डातून, एकाच आरसीसीबीखालून. कुठला बोर्ड याने फरक पडत नाही.

इन्व्हर्टरचंही हेच, पण घोळ मोठा. इन्व्हर्टर खाली बसलेला असतो, १६ अँपिअरच्या प्लगवर, म्हणजे खालच्या आरसीसीबीच्या पुढे. वरच्या मजल्यावरही दोन दिवे-पंखे इन्व्हर्टरवर हवेत म्हणून त्याची एकच फेजची तार वर नेतात. "न्यूट्रल तर वर आहेच की." आता प्रवाह खालच्या आरसीसीबीतून गेला आणि वरच्या आरसीसीबीतून परत आला. एकीकडे जमा नाही, दुसरीकडे खर्च नाही. दोन्ही पडतात, कधी एक आधी, कधी दुसरी. त्यात लाइट गेल्यावर आणि आल्यावर वेगवेगळं वागणं दिसतं, म्हणून इन्व्हर्टरच बिघडला असं वाटून तो दुकानात नेला जातो. तिथे तो ठणठणीत निघतो.

वर इन्व्हर्टर न्यायचा तर त्याच्या फेजबरोबर त्याचंच न्यूट्रल गेलं पाहिजे, आणि वरच्या बोर्डात इन्व्हर्टरसाठी स्वतंत्र न्यूट्रल लिंक (न्यूट्रलच्या तारा जोडायची पट्टी) हवी. तिचा बोर्डाच्या मुख्य न्यूट्रल लिंकशी स्पर्शही नको. पाइपात जागा नाही ही सबब नेहमीची आहे. म्हणूनच पाइप आधी मोठा टाकायचा, त्याबद्दल पुढे.

तिसरा प्रकार शोधायला किचकट: न्यूट्रल आणि अर्थिंग कुठेतरी एकमेकांना लागलेलं असणं. पडद्याचा रॉड बसवताना ड्रिल पाइपात गेलं, किंवा स्विचबोर्डच्या लोखंडी बॉक्समध्ये स्क्रूखाली तार चिरडली. इथे लक्षण असं: सगळे सुटे एमसीबी खाली केले तरी आरसीसीबी कधी बसते, कधी पडते, आणि दुसऱ्याच कुठल्या खोलीत गीझर लावला की नक्की पडते. याचं कारण सुटा एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलंच राहतं. त्यामुळे एकेक एमसीबी बंद करून दोष शोधायची नेहमीची पद्धत इथे फसते. मेन बंद करून न्यूट्रल लिंकवरच्या तारा एकेक सोडवाव्या लागतात आणि प्रत्येकीला ५०० व्होल्टच्या मेगरने (आवरणाचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) अर्थिंगशी तपासावं लागतं. एक मेगओमहून कमी दाखवलं तर ती वाट सदोष. मेगर लावण्याआधी टीव्ही, राउटर, एसी, एलईडी सगळं सोडवलेलं हवं, नाहीतर मेगरचे ५०० व्होल्ट त्यांच्या अंगावर जातात. हे काम स्वतः करू नका. मेन बंद केला तरी मीटरकडून येणारी बाजू जिवंतच असते.

फक्त पावसात पडत असेल तर शोध गच्चीपासून सुरू करा. गच्चीवरचा दिवा, फाटकाची बेल, बाहेरचा प्लग, बोअरच्या मोटरचा केबलजोड. पावसाशी संबंध नसताना फक्त गीझर लावल्यावर पडते? एलिमेंट फुटलंय, आरसीसीबीने जीव वाचवला. ती "फार नाजूक आहे" म्हणून तिला वळसा घालून थेट जोडणारे महाभाग आहेत. त्यांना घरात पुन्हा पाऊल टाकू देऊ नका.

आणि यातलं काहीच नाही, तरी अधूनमधून पडते? मग गळतीची बेरीज असू शकते. इन्व्हर्टर एसी, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर, एलईडीचे ड्रायव्हर, प्रत्येकाच्या फिल्टरमधून थोडा थोडा प्रवाह अर्थिंगकडे जातच असतो. दोन मजल्यांचं सगळं एकाच ३० मिलीअँपिअरच्या आरसीसीबीवर टाकलं की ती आधीच काठावर येऊन बसते. मजल्यागणिक एक, जमल्यास गीझर-बाथरूमला वेगळी, एवढं केलं की त्रास जातो. नवी घेताना 'ए' टाइपची घ्या. आजच्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या गळतीला 'एसी' टाइपची आंधळी ठरू शकते. नावात एसी आहे म्हणून ती एअर कंडिशनरसाठीची असते असं समजू नका, दुकानदारही तसं सांगतात.

न पडता जळतं ते

जुन्या बोर्डात जागा नाही म्हणून वरच्या मजल्याचं न्यूट्रल खालच्याच एखाद्या तारेला जोडतात. समजा १६ अँपिअरच्या दोन वाटांना मिळून २.५ एमएमचं एकच न्यूट्रल. सिंगल फेजवर दोन्हींचा प्रवाह त्या एका तारेत एकवटतो, ३२ अँपिअर होतो. दोन्ही एमसीबी आपापल्या जागी समाधानी, कारण प्रत्येकातून १६ च जातायत. न्यूट्रलवर पहारा कोणाचाच नाही. अशा बोर्डात न्यूट्रल लिंकजवळच्या तारांचं आवरण तपकिरी पडलेलं दिसतं आणि जळक्या प्लास्टिकचा वास येतो. बोर्डाच्या झाकणाला हात लावून एक जागा बाकीच्यांपेक्षा गरम लागली तरी तोच अर्थ घ्या, किंवा स्क्रू ढिला आहे. सर्व्हिस वायर (पोलावरून मीटरला येणारी) ॲल्युमिनियमची आणि घरची तांब्याची, त्यांचा सांधा साध्या पिळ्याने केलेला असेल तर तोही वर्षागणिक तापतो. तिथे दोन्ही धातूंसाठीचा लग (तारेच्या टोकाला बसवायची धातूची टोपी) आणि क्रिम्प (दाबून केलेला जोड) हवा.

गीझर लावला की दिवे मंद होतात, ही याच जातीची खूण. आधी मीटरवर, मग बोर्डात, मग प्लगवर व्होल्टेज मोजायला सांगा, गीझर चालू असताना. मीटरवरच व्होल्टेज पडत असेल तर सर्व्हिस वायर किंवा डीपीकडचा (गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरकडचा) प्रश्न, महावितरणकडे तक्रार. मीटरवर ठीक आणि बोर्डात कमी असेल तर पैसे तुम्हालाच खर्च करायचे आहेत.

वरच्या मजल्याला स्वतःची वाट

आता आखणी. माझं मत सरळ आहे: वरचा मजला हा जुन्या बोर्डाचा शेपूट म्हणून कधीही जोडू नये. मीटरजवळ एक छोटा मेन बोर्ड, तिथून खालच्या मजल्याला एक वाट आणि वरच्याला एक, दोन्हींवर आपापला एमसीबी. वरच्या बोर्डाला स्वतःचं न्यूट्रल, स्वतःची अर्थिंगची तार, स्वतःची आरसीसीबी. वरच्यांकडे काही पडलं तर खालच्यांचा फ्रिज चालू राहतो, हा संसाराच्या दृष्टीनेही फायदा.

हे सगळं स्लॅब पडण्याआधी ठरतं. सेंट्रिंगवर सळई बांधून झाली की इलेक्ट्रिशियनला एक दिवस मिळतो. तेव्हा पाइप टाकले नाहीत तर पुढे भिंती फोडाव्या लागतात, नाहीतर बाहेरून केसिंग-पट्टी. मीटरपासून वर येणाऱ्या वाटेला ३२ एमएमचा पाइप, त्याच्या बाजूला इन्व्हर्टरसाठी वेगळा २५ चा, आणि एक रिकामा गच्चीपर्यंत. रिकाम्या पाइपाला आज काही काम नाही. उद्या सोलर बसवायचं ठरलं की गच्चीवरून मीटरपर्यंत येणाऱ्या केबलला तोच लागतो. इंटरनेट-टीव्हीच्या तारा विजेच्या पाइपात घुसवू नका.

तारांचं: दिव्या-पंख्यांना १.५ एमएम, १६ अँपिअरच्या प्लगला २.५, गीझर आणि एसीला ४ एमएमची सुटी वाट, प्रत्येकाला आपला एमसीबी. मीटरपासून वरच्या बोर्डापर्यंत सिंगल फेज असेल तर १० एमएम तांब्याची, आणि अर्थिंगची तारही त्याच मापाची. वरच्या बोर्डात आज आठ खटके लागत असतील तर बारांची पेटी घ्या. पेटीतला फरक किरकोळ असतो, नंतर पेटी बदलण्याचा खर्च किरकोळ नसतो.

जुनी अर्थिंग तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्या काळी मीठ-कोळसा घालून पुरलेला पाइप आता बहुतेक गंजून गेलेला असतो, किंवा त्या खड्ड्यावर पार्किंगची फरशी बसलेली असते आणि पाणी घालायची सोयच उरलेली नसते. नवा इलेक्ट्रोड टाका आणि जुन्याशी जोडा.

सिंगल फेज पुरेल का?

आपल्या नमुन्याच्या घराचा जोडलेला भार मांडला तर साडेतेरा किलोवॉटच्या घरात जातो. सगळं एकाच वेळी कोणी लावत नाही, पण सकाळचे ४४ अँपिअर म्हणजे दहा किलोवॉट खरेच आहेत. महाराष्ट्रात सिंगल फेज जोडणी ४० अँपिअरपर्यंतच मिळते. तेव्हा दोन वाटा आहेत. दोन्ही गीझर एकदम न लावण्याची शिस्त पाळायची, किंवा एक गीझर सोलरचा नाहीतर गॅसचा करायचा. गीझर एकाने कमी झाला की हिशेब तिशीत येतो आणि १० एमएमच्या वाटेवर ४० चा एमसीबी लावून सिंगल फेज चालतं. कोकणातल्या दोन माणसांच्या घराला थ्री फेज घ्या असं मी सांगणार नाही, उगाच दरमहा स्थिर आकार जास्त भरायचा. पण इलेक्ट्रिक गाडी यायची असेल तर विचार संपला. सात किलोवॉटचा चार्जर एकटाच ३२ अँपिअर खातो.

थ्री फेज घेतलं की भार वाटायचा कसा? तीन फेजांना आर, वाय आणि बी म्हणतात. बहुतेक ठिकाणी "खालचा मजला आर, वरचा वाय, बाकी बी" असं करतात, आणि सकाळी पुन्हा एकाच फेजवर गर्दी होते. वॉट बघून वाटू नका, घड्याळ बघून वाटा. आरवर खालचा गीझर, इस्त्री आणि वरचा एक एसी. वायवर वरचा गीझर आणि दुसरा एसी. बीवर इंडक्शन आणि मोटर. सकाळचे ४४ तेव्हा १३, १३ आणि १५ असे पडतात, उरलेले दिवे-पंखे कुठेही विभागा. रात्री एसी दोन वेगळ्या फेजांवर असतात आणि तेव्हा गीझर बंद.

थ्री फेजचा खरा धोका न्यूट्रलमध्ये आहे. ते सुटलं तर दोन फेजांवरची उपकरणं ४०० व्होल्टवर एकामागे एक जोडल्यासारखी होतात. एकीकडे १०० वॉटचा टीव्ही आणि दुसरीकडे २ किलोवॉटचा गीझर असेल तर टीव्हीच्या वाट्याला ३८० व्होल्ट येतात. एका मिनिटात धूर. म्हणून न्यूट्रलची तार फेजइतक्याच मापाची, तिच्यात कुठेही फ्यूज किंवा एकटा खटका नको, मेनला चार पोलचाच स्विच, आणि वरखाली व्होल्टेज झालं की तोडणारं उपकरण बोर्डात बसवून घ्या. जुन्या घरातलं सामायिक न्यूट्रल तसंच ठेवून वाटा वेगवेगळ्या फेजांवर टाकणं तर मुळीच नको. आधी प्रत्येक वाटेचं न्यूट्रल सुटं करा.

आणि तो गोल फिरवायचा फेज सिलेक्टर. एक फेज गेला की सगळं घर उरलेल्या फेजवर आणायला तो बसवतात. तो वापरलात की १५-१५ चे पुन्हा ४४ होतात आणि मेन पडतो. ठेवायचाच तर दिवे-पंखे-फ्रिज एवढ्यापुरता ठेवा.

महावितरणचं काम आधी

बिलावर "मंजूर भार" लिहिलेला असतो तो वाचा. अनेक जुन्या घरांत तो एक-दोन किलोवॉटच आहे. भार वाढवण्याचा किंवा थ्री फेजचा अर्ज ऑनलाइन करता येतो. परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो, मग पाहणी, मग कोटेशन भरायचं. पोलावर तीन फेज आलेलेच नसतील किंवा डीपीवर जागा नसेल तर वेळ लागतो, म्हणून अर्ज वीटकाम चालू असताना टाका. रंग लागल्यावर टाकलात तर वास्तुशांत जुन्याच मीटरवर होईल.

वरती भावाचं बिऱ्हाड वेगळं राहणार असेल, चूल आणि प्रवेश वेगळा असेल तर दुसऱ्या मीटरची चौकशी करा. युनिट वाढले की दर वाढतो, त्यामुळे एकाच कुटुंबाने नुसता दराचा वरचा स्लॅब टाळायला दुसरं मीटर मागितलं तर कार्यालयाला ते कळतं, त्यांनी असे अर्ज भरपूर बघितलेले असतात. दोन मीटर झाली तर दोन्हींचं न्यूट्रल शेवटपर्यंत वेगळं ठेवा. हल्लीचे मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींतला प्रवाह मोजतात आणि तफावत दिसली की नोंद ठेवतात. जिन्यातल्या त्याच दिव्यापायी छेडछाडीचा संशय यायला नको.

काम संपण्याआधी दोन गोष्टी करून घ्या. बोर्डाच्या दाराला आतून कागद चिकटवा: कुठला खटका कुठल्या खोलीचा, कुठल्या फेजवर, मागे किती एमएमची वायर. आणि प्लास्टरच्या आधी प्रत्येक भिंतीचा, टेप लावून, फोटो काढून ठेवा. पडद्याचा रॉड बसवणाऱ्याला भोक पाडण्याआधी तो दाखवता येतो.